कायद्याची दवंडी

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, घाटावरून उतरलेली वाट जिथे सपाटीला मिळते त्या परिसरात वसलेले रोहिणखेड आज कपाशी-सोयाबीनच्या शेतीत आणि लहानसहान व्यापारात गढलेले दिसत असले, तरी दख्खनच्या पठारावरून खानदेशाकडे जाणाऱ्या मार्गावरील आपल्या स्थानामुळे इतिहासात ते वारंवार रणभूमी ठरले. १४३७ साली बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नसीरखान फारुकीचा पराभव केला तो येथेच. १५८२ साली खुदावंदखान महदवीने बांधविलेली मशीद त्या काळाची साक्ष देते. आणि त्याच शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीचा वादही येथेच तलवारीने निकालात निघाला. बहमनी गेले, इमादशाही आली. निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम आणि शेवटी इंग्रज असे अंमल वऱ्हाडावरून एकामागून एक गेले. प्रत्येकाचे हुकूम निराळे आणि दफ्तर निराळे. मात्र कचेरीत सुटलेला हुकूम गावाच्या कानापर्यंत नेण्याचे काम स्वतंत्रपणे करावे लागे, आणि ते चावडीवर वाचलेला जाहीरनामा व कोतवालाने वेशीपासून वेशीपर्यंत दिलेली दवंडी यांच्याकडे असे.

आधुनिक राज्यात दवंडीची जागा राजपत्राने घेतली. विधिमंडळाने संमत केलेला कायदा राजपत्रात छापून आला की तो सर्वांना ज्ञात झाला असे मानले जाते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब कोणत्याही न्यायासनापुढे चालत नाही. हे तत्त्व आवश्यकच आहे, कारण अज्ञानाला माफी मिळू लागली तर अज्ञानी राहण्यातच फायदा ठरेल. परंतु या तत्त्वाला दुसरी बाजू आहे, आणि ती ज्या निकालपत्राने ठसठशीतपणे मांडली त्याचे लेखक न्यायमूर्ती विवियन बोस हे सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूसंबंधीचा कायदा ठराव करून संमत केला, पण तो कोठेही प्रसिद्ध केला नाही. त्या कायद्याखाली झालेली शिक्षा १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात रद्द ठरविताना न्यायालयाने म्हटले की, जो कायदा जाणून घेण्याची वाजवी संधीच लोकांना मिळाली नाही त्याच्या आधारे त्यांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. ज्या राज्याला प्रजेचे अज्ञान ऐकून घ्यायचे नाही, त्या राज्यावर ते अज्ञान दूर करण्याचे ऋण चढते, हा या निकालाचा अर्थ मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रस्तुत प्रकरणात त्याच ऋणाचा एक भाग तपासावयाचा आहे: माणसाला कामावर ठेवणाऱ्याने कोणाशी भेदभाव करू नये म्हणून जे कायदे झाले, ते पाळता यावेत यासाठी सरकार मालकाला कोणते साह्य करते, आणि कोणते करावयास हवे?

हा विचार अधांतरी राहू नये म्हणून रोहिणखेडसारख्या गावातील एका धान्य-व्यापाऱ्याची कल्पना करू. त्याचे गोदाम आहे, पुढे दुकान आहे, आणि हाताखाली आठ माणसे आहेत: दोन हमाल, एक दिवाणजी, एक मालवाहू गाडीचा चालक आणि धान्य पाखडून, निवडून पोती भरणाऱ्या चार बाया. हा गृहस्थ कोणाचे वाईट चिंतणारा नाही. परंतु पुरुषाचा रोज अधिक आणि बाईचा कमी ही रीत त्याने वडिलांकडून घेतली, वडिलांनी आजोबांकडून घेतली, आणि निंदणी-वेचणीचा दर निराळा व नांगर-फवारणीचा दर निराळा असलेल्या भोवतालच्या शेतीने ती रोज त्याच्या मनावर ठसविली. अशा माणसाला रीत आणि कायदा यांतील अंतर कोणी दाखवायचे?

समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक म्हणून आले. १९७५ च्या वटहुकमाने व १९७६ च्या समान वेतन कायद्याने ते मालकाच्या अंगावरील कर्तव्य झाले. आणि तो कायदा सामावून घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. लिंगाच्या कारणावरून वेतनात वा नेमणुकीत भेद करू नये, हे तिचे फर्मान आमच्या व्यापाऱ्याच्या आठ माणसांच्या गोदामालाही लागू आहे. पण फर्मान वाचले म्हणून प्रश्न सुटत नाही. पोती भरणारी बाई आणि पोती वाहणारा हमाल यांचे काम ‘समान स्वरूपाचे’ आहे काय? कायदा सांगतो की त्यासाठी लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी ही सारख्याच परिस्थितीत सारखी आहेत की नाहीत ते पाहावे. क्विंटलचे पोते पाठीवर घेणे आणि तेच धान्य बसून निवडणे यांत फरक काढता येईल. परंतु हंगाम ओसरल्यावर तोच हमाल बायांच्या ओळीत बसून निवडणी करू लागला आणि तरीही त्याचा रोज अधिक राहिला, तर तो फरक कामाचा उरत नाही, पुरुषपणाचा होतो. शिवाय कायद्याने एक वाट आधीच बंद केली आहे: समता आणण्यासाठी अधिक वेतन घेणाऱ्याचे वेतन खाली ओढता येत नाही, कमी घेणाऱ्याचे वर न्यावे लागते. हे सारे राजपत्रातल्या वाक्यांतून आपोआप उमजण्यासारखे नाही. ते कोणीतरी जाणत्या माणसाने, गोदामात उभे राहून, हजेरीपट पुढे ठेवून समजावून द्यावे लागते.

असे समजावून देणे हे सरकारी तपासनिसाचेच काम आहे, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने पहिले चार कारखाना-निरीक्षक नेमले गेले तेव्हापासून तपासणी आणि उपदेश यांचे नाते जुळत आले आहे. हिंदुस्थानात १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, पण शंभरांहून कमी कामगारांचे आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे कारखाने त्यातून वगळले गेले. म्हणजे खानदेश-वऱ्हाडातील कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या आणि बायकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या जिनांपैकी बहुतेकांना कायदाही नव्हता आणि सल्लाही नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या खटपटीनंतर १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा पन्नासांवर आणली. पुढे १९४७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने कामगार-तपासणीविषयीचा ८१ क्रमांकाचा करार मंजूर केला, आणि भारताने तो १९४९ मध्ये स्वीकारला. त्याच्या तिसऱ्या कलमात तपासणी यंत्रणेची जी कर्तव्ये सांगितली आहेत त्यांत कायद्याची अंमलबजावणी हे पहिले, तर मालक व कामगार या दोघांनाही कायदा पाळण्याच्या सर्वांत परिणामकारक उपायांची माहिती व सल्ला देणे हे दुसरे. आणि खटला भरण्याऐवजी ताकीद व सल्ला देण्याचा विवेकही निरीक्षकाच्या हाती ठेवला आहे. अर्थात ज्या वर्षी स्वतंत्र भारताची घटना लिहून पुरी होत होती, त्याच वर्षी आपण जगाला वचन दिले होते की आमचा तपासनीस दंडाची पावती घेऊन येईल त्याप्रमाणे माहितीची शिदोरीही घेऊन येईल.

त्या वचनाचा पुरता उच्चार आपल्या कायद्याच्या भाषेत होण्यास बराच काळ लोटला. वऱ्हाडातील दुकानांसाठी मध्यप्रांत व वऱ्हाडाचा कायदा १९४७ मध्ये झाला, मुंबई राज्याचा १९४८ मध्ये. दोन्हींच्या मुळाशी नोंदवही तपासणारा निरीक्षक होता. महाराष्ट्राने २०१७ साली दुकाने व आस्थापनांसाठी जो नवा कायदा केला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आणला, त्यात निरीक्षकाचे नावच बदलून त्याला ‘सुविधाकार’ म्हटले, आणि मालक-कामगारांना सल्ला देणे व कायदा पाळण्यासाठी लागणारी माहिती पुरविणे हे त्याचे काम ठरविले. स्त्री कामगारांशी नेमणूक, प्रशिक्षण, बदली, बढती वा वेतन यांत भेद करण्यास त्याच कायद्याने मनाई केली, आणि रात्रपाळीचे दार स्त्रीची संमती व तिची सुरक्षितता या अटींवर उघडले. मूळ कायद्याने दहांपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानदारास नोंदणीऐवजी केवळ साठ दिवसांत सूचना देण्याची मुभा दिली. ही संख्या पुढे दुरुस्तीने वाढली तरी लहानांवरचा कागदाचा भार हलका करण्याचे तत्त्व कायम राहिले. वेतन संहितेनेही निरीक्षक आणि सुविधाकार या दोन भूमिका एकाच अधिकाऱ्यात एकत्र केल्या आहेत, आणि पहिल्या खेपेच्या चुकीबद्दल खटला भरण्यापूर्वी लेखी आदेशाने मुदत देऊन चूक सुधारण्याची संधी मालकाला द्यावी असे सांगितले आहे. मात्र पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा घडली तर ती संधी नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे मला अगत्याचे वाटते. सल्ला म्हणजे सवलत नव्हे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील एका लघुलेखिकेने पुरुष लघुलेखकांइतक्या वेतनाची मागणी केली, तेव्हा कंपनीने पुढे केलेल्या कारणांत आपल्या बिकट आर्थिक स्थितीचाही समावेश होता; १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की समान वेतनाचे कर्तव्य मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. मालकाला मार्ग दाखविणे हे सरकारचे काम आहे. पण त्या मार्गाच्या टोकाला उभ्या असलेल्या कामगाराचा हक्क मालकाच्या सोयीने लांबणीवर टाकण्याचा अधिकार सरकारला कोणी दिलेला नाही. सुविधाकाराने दिलेल्या मुदतीचा प्रत्येक दिवस हा त्या निवडणी करणाऱ्या बाईच्या पदरातून वजा होणारा दिवस आहे, हे ज्या अधिकाऱ्याच्या ध्यानात राहील त्याचाच सल्ला खरा.

आता आमच्या व्यापाऱ्याचा धंदा वाढतो आहे असे समजू, आणि त्याच्या हजेरीपटावरील संख्या वाढत जाईल तसतसे कायद्याचे एकेक दालन कसे उघडते ते पाहू.

दहावे माणूस कामावर आले की २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री असावी लागते आणि बाहेरची एक जाणती व्यक्ती सदस्य म्हणून घ्यावी लागते. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहांखालच्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचे असते, आणि तिथवर तक्रार पोचावी म्हणून तालुक्याला समन्वय अधिकारी असावा अशी तरतूद आहे. प्रशिक्षणाचे साहित्य तयार करणे व कायद्याची माहिती पसरविणे हे काम कायद्याने सरकारवर सोपविले आहे, आणि केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१५ मध्ये त्यासाठी हस्तपुस्तिकाही काढली. तथापि गोव्यातील विद्यापीठाच्या एका प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला १२ मे २०२३ रोजी या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवावे लागले, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, स्थानिक समिती स्थापा, तालुक्यात समन्वय अधिकारी नेमा असे मुदत घालून सांगावे लागले. कायदा होऊन अकरा वर्षे लोटल्यावर न्यायालयाने सरकारला हे सांगावे, यातच या प्रकरणाचे सार आले. ज्या सरकारची स्वतःची समिती जागेवर नाही, त्याने दुकानदाराला समितीबद्दल दंड करताना क्षणभर थांबून आपले घर आधी नीट लावले पाहिजे.

त्याच दहाव्या पायरीवर प्रसूती-लाभाचा कायदा भेटतो. २०१७ च्या दुरुस्तीने सवेतन रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक झाले. तरतूद निःसंशय मानवतेची आहे. पण जिथे कर्मचारी राज्य विमा योजनेचे छत्र आहे तिथे या रजेचे वेतन विम्याच्या निधीतून मिळते, आणि जिथे ते छत्र नाही तिथे सारा भार एकट्या मालकाच्या तिजोरीवर पडतो. परिणामी लहान मालक उघडपणे काही बोलत नाही. पुढच्या वेळी जागा निघाली की तो मुकाट्याने पुरुष शोधतो, आणि स्त्रीच्या हितासाठी केलेला कायदाच तिच्या वाटेत उभा राहतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २००० सालच्या मातृत्व-संरक्षण करारात म्हणूनच सांगितले आहे की हा खर्च सामाजिक विम्यातून वा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर लादला जाऊ नये. काही भेदभाव अज्ञानातून येतात आणि सल्ल्याने जातात. काही भेदभाव हिशेबातून येतात, आणि ते घालविण्यासाठी सरकारला सल्ल्याबरोबर पैसाही मोजावा लागतो.

विसाव्या माणसाबरोबर अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अधिक तपशील मागू लागतो: आपल्याकडे कोणती कामे अपंग व्यक्ती करू शकेल, निवड कशी होईल, कोणत्या सोयी दिल्या जातील, हे सांगणारे समान संधीचे धोरण लिहून काढावे लागते. याच कायद्याने खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, जेणेकरून त्यांच्या मनुष्यबळात निदान पाच टक्के अपंग व्यक्ती असाव्यात. याआधी २००८ पासून केंद्राने अशी योजना चालविली होती की दरमहा पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या अपंग कर्मचाऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीतील व राज्य विम्यातील मालकाचा वाटा तीन वर्षे सरकार भरील. पायाने अधू असलेला तरुण दिवाणजीच्या गादीवर हिशेब उत्तम लिहू शकतो. त्यासाठी पायरीऐवजी उतार बांधावा लागतो एवढेच. तो उतार कसा बांधावा आणि त्याला साह्य कोठून मिळेल हे सांगणारा कोणी भेटला तर नकाराचे कारण उरत नाही.

आजाराच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली वाट दाखविली. एचआयव्हीची बाधा असलेल्या, पण काम करण्यास समर्थ असलेल्या एका हंगामी कामगाराला केवळ त्या बाधेमुळे काम नाकारणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले, आणि त्याचे नाव निकालपत्रातही झाकून ठेवले. त्या निकालानंतर वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, याविषयी देशव्यापी कायदा झाला. शंभर वा अधिक माणसांच्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमणे त्याने आवश्यक केले, परंतु भेदभावाची मनाई एका माणसाच्या दुकानालाही आहे.

एका विषयात मात्र संख्येची पायरी नाही आणि मुदतीची सवलतही असता कामा नये. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला धंदा वा नोकरी यांपासून अडविणे हा गुन्हा ठरविला. गोदामातील हमालाला पाण्याचा पेला वेगळा ठेवणाऱ्या मालकाला ‘चूक सुधारा, महिन्याने पुन्हा येऊ’ असे सांगता येणार नाही. नोंदवहीतला रकाना चुकणे ही अज्ञानाची बाब आहे. माणसाला माणूस न मानणे ही अज्ञानाची बाब नाही. जो सुविधाकार या दोहोंतील भेद ओळखत नाही, त्याच्या सौम्यपणातून अन्यायालाच आश्रय मिळेल.

सरकारच्या हाती शिकविण्याचे आणखी एक साधन आहे, आणि ते म्हणजे स्वतःचे उदाहरण. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आणला. पाझर तलावाच्या व रस्त्याच्या कामावर बाईने उचललेल्या घमेल्याचा आणि पुरुषाने उचललेल्या घमेल्याचा दर एकच ठेवला. मजुरी मोजमापावर होती, आणि खोदलेल्या मातीला ती कोणी खोदली हे ठाऊक नसते. समान वेतनाचा पाठ लक्षावधी ग्रामीण कुटुंबांनी सर्वांत आधी हजेरीपटावर अंगठा उठवताना गिरवला, आणि तो सरकारने मालक म्हणून दिलेला पाठ होता.

मग रोहिणखेडच्या व्यापाऱ्यासाठी नेमके काय हवे? ज्ञानाचा अभाव राजधानीत नाही. कायदे छापलेले आहेत, पुस्तिका आहेत, संगणकावर अर्ज आहेत, बुलडाण्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांची कचेरी आहे, उद्योग केंद्र आहे. अभाव आहे तो कचेरी आणि गोदाम यांच्या मधल्या वाटेवर. त्याला आपल्या संख्येच्या पायरीवर लागू असलेली कर्तव्ये सांगणारा, सरळ मराठीत लिहिलेला एकच कागद हवा; तालुक्याच्या ठिकाणी ठराविक वारी भेटणारा आणि ‘माझ्याकडे असे चालते, हे बरोबर आहे काय?’ हा प्रश्न विचारल्याबद्दल शिक्षा न करणारा अधिकारी हवा. आणि तोच कागद दुकानाच्या भिंतीवर बायांना वाचता येईल अशा अक्षरांत लागायला हवा, कारण ब्रिटनमधील १९७० च्या दशकापासूनची सल्ला-समेट सेवा मालक व कामगार या दोघांनाही विनामूल्य सल्ला देते ती याच जाणिवेने, की एकाच बाजूला कळलेला कायदा अर्धाच लागू होतो.

दवंडीचे वैशिष्ट्य हेच होते की ती वाड्याच्या दारात थांबत नसे. ती वाड्यातल्या धन्याला ऐकू येई आणि वाड्याच्या मागे धान्य पाखडणाऱ्या बाईलाही त्याच क्षणी, त्याच शब्दांत ऐकू येई. म्हणून दुसऱ्या दिवशी धन्याला ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणता येत नसे आणि बाईला ‘मला कोण सांगणार?’ असे म्हणावे लागत नसे. मालकाला कायदा पाळण्यास साह्य करणाऱ्या सरकारची परीक्षा त्या बाईपाशीच होते. शनिवारी हिशेबाच्या वेळी हमालाच्या बरोबरीचा रोज तिच्या हातावर मोजला गेला, आणि तो का मोजला गेला हे तिला आणि मालकाला दोघांनाही सांगता आले, तर राज्याने आपले ऋण फेडले.